जावेने आणलेली पावडर

थोरली जाऊ मतलबाशिवाय कुणाला काही देत नाही, अशी माझी समजूत होती. म्हणून ती अमरावतीहून आमच्याकडे अकोल्याला आली आणि जेवणं झाल्यावर तिने पर्समधून एक चपटी डबी नि फुगीर केसांचा ब्रश काढून माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी डबीला हातच लावला नाही.

"हे काय हाय, ताई?"

"मिनरल पावडर. वांगावर लावाले. तुयासाठीच आणली."

"मायासाठी काहून?"

माझ्या दोन्ही गालांवर धाकट्याच्या बाळंतपणानंतर वांग आले होते. ते घालवायला मी एका पार्लरवालीकडून बिननावाची क्रीम घेतली होती. सुरुवातीला चेहरा असा उजळला की बायका थांबवून विचारायच्या. मग तो लाल पडला, उन्हात पाय ठेवला की भाजल्यासारखी आग व्हायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, त्या क्रीममध्ये स्टेरॉइड होतं. ती बंद केली तर वांग आधीपेक्षा काळे झाले. तेव्हापासून मी कुठल्याच डबीवर विश्वास ठेवत नव्हते.

आणि जावेवर तर नाहीच. पुढच्या आठवड्यात तिच्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मुलीकडचे मोर्शीचे, संत्र्याचे बागायतदार. त्यांच्यापुढे आपली जाऊ अशा तोंडाने उभी राहणार, याचीच तिला काळजी असणार. हळदीकुंकवाला चारचौघींत माझ्या गालांना ‘नकाशा’ म्हणाली होती ती. ते मी विसरले नव्हते.

"पाहुण्यांसमोर माया तोंडाची लाज वाटते का तुमाले?" मी सरळच विचारलं.

"साबण कुठं हाय?" ती म्हणाली आणि उठून मोरीत गेली. मला वाटलं, राग आला. पण तोंड पुसत ती परत आली तेव्हा मी बघतच राहिले. तिच्या गालांवर, वरच्या ओठावर गडद डाग होते. माझ्याहून गडद. इतकी वर्षं एका घरात सणवार केले, पण ही बाई अंघोळ करून, तयार होऊन आल्याशिवाय मी कधी पाहिलीच नव्हती.

"तुया भासऱ्यालेबी धड माहीत नाई," ती म्हणाली. "पंखा बंद कर. पावडर उडते."

नवऱ्यालाही माहीत नाही, हे तरी खरं असेल का, असं मनात आलंच. तरी मी पंखा बंद केला आणि दोघी घामाघूम होत खिडकीशी बसलो.

तिने आधी स्वतःच्या चेहऱ्याला साधी क्रीम लावली आणि थांबली. "हे सुकू द्याचं. वलं असलं का थापल्यासारखं दिसते." मग डबीच्या झाकणात चिमूटभर पावडर घेतली, ब्रश त्यात गोल फिरवला आणि काठावर आपटून जास्तीची झाडून टाकली. ब्रश गालावर तसाच गोल गोल, हलक्या हाताने फिरवला. पहिल्या थराने काहीच झाकलं गेलं नाही. दुसऱ्या थराने डाग पुसट झाले. डाग होते तिथे तिने तिसऱ्यांदा नुसता ब्रश टेकवला.

"एकदम नको थापू. पातळ पातळ लाव," ती म्हणाली. "आता तू."

"आज नाही. आधी कानामागं लावून पायते."

"पाय. मीबी तसंच केलं होतं."

कानामागे खाज आली नाही, लालीही नाही. तरी साक्षगंधाच्या सकाळी, अमरावतीला तिच्याच घरी, खिडकीशी बसून पावडर लावताना माझा हात अवघडलेला होता. वांग गेले नव्हते, पण चटकन दिसत नव्हते.

पाहुण्यांचा चहा चालू असताना नणंदेने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "काय लावून राहिली वं तू? कोनं देल्लं?"

पलीकडून जाऊ ट्रे घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली. माझ्याकडे बघेना.

"काही नाही, बाई," मी म्हणाले. "ती जुनी क्रीम बंद केली ना, त्यानं फरक पडला."

नणंदेचं समाधान झालं नाही. तिने अजून एकदा निरखलं आणि मग मुलीची आई आली म्हणून तिकडे गेली.

जावेने माझ्यावर माया म्हणून ती डबी आणली, की आपलं गुपित सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून, हे मी तिला अजून विचारलेलं नाही. विचारलं तरी ती खरं सांगेल असं वाटत नाही. त्या दिवशी तिने आभारही मानले नाहीत. स्वयंपाकघरात गाठून तिने माझा पदर सारखा केला आणि हळूच म्हणाली, "गळ्याले लावली नाई तू. रंग येगळा दिसून राहिला. चाल आतल्या खोलीत."

मी तिच्यामागे गेले. तिने दार लोटून घेतलं आणि स्वतःचा ब्रश माझ्या हातात दिला.