वारसा विहिरीवर आईचा फोटो

"ए सोने, तो हंडा ठेव खाली. आज्जीचाय तो. तुझ्यासाठी ही कळशी आणलीय."

पाटलांचा विशाल माझ्या आईला असं म्हणाला. आई सत्तरीला टेकलेली. तो माझ्याहूनही लहान. हंडा पितळी, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. कळशी ॲल्युमिनियमची, दुकानाचं लेबलसुद्धा काढलेलं नाही. समोर कॅमेरा. मागं मांडवात शहरातले पाहुणे, चहा पीत.

आईनं हंडा खाली ठेवला. पटकन. चटका बसल्यासारखा. विशालच्या बोलण्यापेक्षा मला तिचं ते पटकन लागलं.

त्या दिवशी आमच्या गावाला 'वारसा गावठाण' अशी पाटी लागणार होती. गाव म्हणायचं ते सवयीनं. चारी बाजूंनी पुणं आलंय. पाटलांनी शेतं बिल्डरला दिली, मग स्वतःच बिल्डर झाले आणि खराडीला टॉवरमध्ये राहायला गेले. तिथं गेल्यावर त्यांना गावाची आठवण यायला लागली. पेठेतल्या एक निवृत्त प्राध्यापक बाई आल्या. वेस बघून हळहळल्या, दगडी विहीर बघून त्यांचे डोळे भरून आले. समिती झाली. वेशीला चुना लागला, वाड्याच्या दारांना तेलपाणी झालं. महारवाड्यापाशी येऊन वारसा संपला. आमच्या पत्र्यांना इतिहास नसतो.

विहिरीच्या पाटीवर छापायच्या फोटोला पाणी शेंदणारी बाई हवी होती. पाटलांच्या सुनांनी नाकं मुरडली. मग विशाल आमच्या दारात आला. दारात म्हणजे रस्त्यावर, गाडीची काच खाली करून. "सोने, रविवारी नऊवारी नेसून विहिरीवर ये."

मी आईला म्हटलं, जायचं नाही. तिनं ऐकलं नाही. ठेवणीतलं लुगडं काढून इस्त्रीला दिलं. म्हणाली, "लगीन होऊन आले तवापास्नं त्या विहिरीच्या पायरीला पाय लावला न्हाई गं. आता त्येच बोलवत्यात तर जाऊ दे की."

इस्त्रीचं लुगडं मग मीच जाऊन आणलं.

नवी नवरी होती तेव्हापासून ती त्या पायऱ्यांखाली घागर घेऊन बसायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. दुष्काळात सकाळी बसलेली बाई उन्हं डोक्यावर आली तरी तिथंच. विशालची आज्जी ओतायची. शिवायला नको म्हणून इतक्या उंचावरून, की निम्मं मातीत जायचं. आणि आई खालून म्हणायची, उपकार झाले. नळ आला तेव्हा हे थांबलं. कुणाचं मन बदललं म्हणून थांबलं नाही.

दोर बांधलेली कळशी आईच्या हातात आली, फोटोवाला म्हणाला, "आजी, जरा हसा." तेवढ्यात मांडवात प्राध्यापक बाईंनी माईक घेतला. "या विहिरीनं कधी भेद पाळला नाही. अवघं गाव इथं पाणी भरायचं." टाळ्या. विशालनंही वाजवल्या. मनापासून.

मी मांडवात शिरले.

"कुठल्या गावाबद्दल बोलताय बाई? माझी आई या विहिरीवर आज पहिल्यांदा चढलीय. आणि आत्ताच तिच्या हातातला हंडा ठेवायला लावला. तुमच्यासमोर."

बाई हसल्या. ओठांच्या कडेनं. "अहो, चांगल्या कार्यात आपण हे जुनं कशाला उकरताय?"

"जुनं जपायलाच जमलोय ना आपण?"

मांडवात कुणी कुणाकडे बघेना. इतिहासाची एवढी आवड असलेली माणसं, सगळी चहाच्या कपात बघत होती. विशाल विहिरीकडे वळून ओरडला, "सोने, पोरीला आवर!"

आई ताठ उभी राहिली. म्हणाली, "सोनाबाई म्हनायचं."

एवढंच. दोर कठड्यावर टाकला आणि पायऱ्या उतरून घराकडे चालू लागली. मी तिच्या मागं.

संध्याकाळी समितीतला एक जण आला. "वस्तीच्या ड्रेनेजचं काम विशालसाहेबच बघतायत, ध्यानात ठेवा," म्हणाला. आईनं त्याला पाणी विचारलं नाही. तिच्या दारातून कुणी असं परत गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. फोटो पुढं कुठल्याशा भाड्याच्या मुलीला हंडा देऊन काढला. पाटीवर छापलाय. छान हसतेय. खाली लिहिलंय, 'एकोप्याची विहीर'.

आता दर रविवारी सकाळी शहरातून टोळकं येतं. महागडे बूट, टोप्या, गळ्यात कॅमेरे. बाई तेच सांगतात, त्याच जागी आवाज कातर करतात. त्यांचं झालं की मी सुरू करते. पायऱ्यांखालची जागा दाखवते, आई बसायची ती. काही जण बाईंच्या मागं लगबगीनं सटकतात. काही थांबतात. परवा समितीच्या पोरानं विचारलं, "मॅडम, इथं बोलायची परमिशन घेतलीय का?" मी म्हटलं, "नाही. घेणारही नाही."

गाव जपा. दगड न् दगड जपा. पण तुमच्या पाटीवरचा तो एकोपा पुसून आमच्या बायकांना खाली कुणी बसवलं, ते नावानिशी लिहावं लागेल. तोवर मी येत राहीन. पोलीस बोलवा. उचलून न्या. सुटले की सरळ विहिरीवर येईन.