पाच मिनिटं गप्प

आमच्या प्रोजेक्टचा रिसर्च पेपर कधी छापून येईल ते मॅडमनाच ठाऊक, किस्से मात्र केव्हाचे तयार आहेत. पेपरात चार पानं, दोन तक्ते आणि शेवटी आभार एवढंच मावतं. उरलेलं सगळं आमच्या चहाच्या टेबलावर साठतं आणि दर वेळी सांगताना थोडं वाढतं. वाढलेलं मी शक्य तितकं काढून सांगते.

प्रोजेक्ट तसा साधा. गरोदरपणात काही बायकांचा बीपी अचानक चढतो. बाईला कळतही नाही. डोकं दुखलं तर ती म्हणते, ऊन लागलं, आणि सोलापुरात हे कारण बाराही महिने खपतं. मग एखाद्या दिवशी झटके येतात आणि आई-बाळ दोघांच्याही जिवावर बेततं. महिन्यातून एकदा तपासणीला येणाऱ्या बाईचा बीपी मधल्या दिवसांत चढला, तर पकडणार कोण? म्हणून घरीच मशीन द्यायचं, सकाळ-संध्याकाळ मोजायचं, आकडा आमच्या फोनवर पाठवायचा. अशानं धोका वेळेत सापडतो का, हे आम्ही बघतोय. मॅडम प्रसूतितज्ज्ञ, प्रोजेक्ट त्यांचा. सुनंदा घरोघरी जाऊन मशीन शिकवते. मी कोऑर्डिनेटर, म्हणजे काही चुकलं की फोन मला येतो.

*

मोजण्याचा नियम एकच, पण तो कडक. आधी पाच मिनिटं शांत बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, आणि अजिबात बोलायचं नाही. बोललं की आकडा वर जातो.

पूर्व भागात एका विणकराच्या घरी यंत्रमाग खोलीला लागूनच होते. बायकोचे आकडे रोज चढे यायचे. सुनंदा जाऊन बघून आली आणि म्हणाली, "दादा, मोजताना जरा शांतता पाहिजे." दादांनी ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ते मोजायच्या वेळी आपले माग बंद करायला लागले. पुढं शेजारच्यांनाही बंद करायला लावले. गल्लीत एकदम सामसूम झाली तसे मागांचे मालक धावत आले.

"लाईट गेली काय?"

"न्हाय शेठ. बायकोचा बीपी चाललाय."

मालक चप्पल हातात घेऊन दारातच उभे राहिले, मोजून होईपर्यंत. आकडा छान आला.

*

वळसंगच्या सुभद्रामावशी आमच्याकडे आल्या त्या सुनेला घेऊन. सून रेणुका, दुसऱ्यांदा दिवस गेलेले. संमतीपत्र वाचून दाखवायचं काम माझं. मी म्हटलं, "मावशी, हे संशोधन आहे. यातून तुम्ही कधीही बाहेर पडू शकता."

"आत आलोय कुटं अजून?" मावशी म्हणाल्या.

त्यानंतर त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. शेत, भुईमूग, जावेची भांडणं, एसटी. पहिल्या बाळंतपणाचं विचारलं तेव्हा रेणुका खाली बघायला लागली, आणि उत्तर मावशींनीच दिलं. पोर माहेरी गेली होती, आठवा महिना. डोकं दुखतंय म्हणाली, सगळे म्हणाले ऊन लागलं. "बाळ झालं बाई. पर आवाजच आला न्हाय."

तेवढं सांगून त्या पुन्हा भुईमुगावर आल्या. जाताना मात्र वळून म्हणाल्या, "मशीन तिच्या न्हाय, माज्या नावावर लिवा. ती भोळी हाय."

लिहिलं.

*

पंधरा-वीस दिवसांत आमचे पुण्याचे डेटावाले सर फोनवर. "वळसंगची तुमची पेशंट सकाळी नॉर्मल असते आणि अर्ध्या तासात बीपी आकाशाला भिडतो. परत संध्याकाळी नॉर्मल. मशीन बिघडलंय का?"

मशीन ठणठणीत होतं. रेणुकाचं झालं की मावशी स्वतःचा मोजायच्या. मग चुलत दीर. मग गल्लीतला जो दारात येईल तो. आणि सगळे आकडे इमानदारीनं आम्हाला पाठवायच्या.

सुनंदा समजवायला गेली तर मावशी म्हणाल्या, "तुमीच सांगितलं न्हवं, मशीन घरात ठेवा म्हणून? घरात काय ती एकलीच हाय व्हय?"

मावशींचा आकडा खरोखरच जास्त होता. खात्री करायला सुनंदानं त्यांना खुर्चीत बसवलं आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, "बसते की. गप बसायला काय पैसे पडतात? माजी आई तर दिस-दिस बोलायची न्हाय. आता बग, बोलतीय का मी?" सुनंदानं तीनदा प्रयत्न केला. शेवटी मॅडमनी सांगितलं, बोलता बोलताच मोजा आणि अंदाजानं काय ते समजा. मावशींना गोळी सुरू झाली.

त्या आठवड्याच्या मीटिंगमध्ये मॅडम म्हणाल्या, "अभिनंदन. आपल्या प्रोजेक्टला पहिला रुग्ण सापडला. सासू."

*

हा किस्सा अकलूजकडचा. बीपी चढायला लागला की लघवीतून प्रथिनं जातात का ते बघावं लागतं. त्यासाठी दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी एका मोठ्या कॅनमध्ये जमवून आणायची. कॅन अर्धासुद्धा भरत नाही, भरायचीही गरज नसते.

एका बाईंचा नवरा कॅन घेऊन आला तो काठोकाठ भरलेला. सुनंदा बघतच राहिली. नवरा डेअरीत कामाला. तो सरळ म्हणाला, "अर्धा कॅन घेऊन आलं तर आमच्याकडं माणसाला परत पाठवत्यात. मग आई म्हणली, मी हाय की. आन् वैनीपन म्हणली."

मॅडमनी कॅनकडे बघितलं, मग सुनंदाकडे. "आता रिपोर्टवर नाव कुणाचं घालू?"

"कुटुंबाचं," सुनंदा म्हणाली.

*

डेटावाले सर एकदा प्रत्यक्ष आले. लॅपटॉप उघडून म्हणाले, "मला एक कळत नाही. सातव्या महिन्यापर्यंत सगळ्या बायका नीट आकडे पाठवतात आणि मग अचानक हरवतात. यांचं होतं काय?"

सुनंदा म्हणाली, "हरवत नाहीत सर. माहेरी जातात."

सरांनी 'माहेर' असं टिपून घेतलं. ते अविवाहित होते. मशीन सासरी कपाटात राहतं आणि बाई माहेरी, बरोबर त्याच महिन्यांत जेव्हा तिला मशीनची सगळ्यात जास्त गरज. प्रोजेक्ट आखताना एवढी शिकलेली माणसं टेबलाभोवती बसली होती, त्यातल्या निम्म्या बायका स्वतः बाळंतपणाला माहेरी जाऊन आलेल्या. कुणाच्याही डोक्यात हे आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर दोनदा गेलेली.

*

रेणुकाचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, जिथं दुकानदार निम्मं कानडी बोलतो. दुसरं बाळंतपण खरं तर सासरीच करायचं चाललं होतं. पण तिची आई शांतव्वा हटून बसली. पहिलं बाळ आमच्या घरात गेलं, तर दुसरं आमच्याच घरातनं सुखरूप देणार, म्हणाली.

आम्ही मशीनचं विचारायला फोन केला. मावशी म्हणाल्या, "मशीन माज्या नावावर हाय. ते दुसऱ्या कुणाच्या हातात मी देनार न्हाय."

"अहो मावशी, पण रेणुका तिकडे असणार ना?"

"मग मीपन तितंच असनार की."

आणि गेल्या. सून माहेरी बाळंतपणाला आणि तिच्या मागोमाग सासू, पिशवीत मशीन घालून विहिणीच्या घरी मुक्कामाला. सुनंदानं असं काही पाहिलं नव्हतं, मीही नाही. त्या घरात काय झालं असेल याची आम्ही चहाच्या टेबलावर फार काळजी केली. भाकरी जाड की पातळ यावरून दोघी विहिणींचं रोज वाजायचं, असं रेणुकानं नंतर सांगितलं. पण आकडे चुकले नाहीत. सोबत मावशींचे आवाजी मेसेज यायचे, आणि मागून शांतव्वाचा आवाज, "सुम्ने कूडरी! सुम्ने कूडरी!" म्हणजे गप्प बसा. मोजायच्या वेळी तरी गप्प बसा. मावशींना कानडी येतं ते एवढंच.

*

आता शेवटचा.

आठवा महिना. त्या दिवशी शांतव्वाच्या घरी पाहुणे जेवायला होते, पुरण शिजत होतं. रेणुका शेंगा फोडत बसलेली, तिला काहीही होत नव्हतं. मावशींनी मशीन लावलं. आकडा चढा आला. पुन्हा मोजायचं ठरलं. मावशींनी तिची पाठ भिंतीला टेकवली, पाय सरळ केले आणि शेजारी बसल्या. शांतव्वा आतून म्हणाली, पाहुणे जेवून जाऊ देत, उद्या बघू. मावशींनी उत्तर दिलं नाही.

"आत्या काहीच बोलेनात," रेणुका मला सासूबद्दल नंतर म्हणाली, "तवा मला भ्या वाटलं."

दुसरा आकडा पहिल्याहून वर होता. मला फोन आला, मी मॅडमना विचारून फक्त "निघा" म्हटलं. पाहुण्यांचीच जीप होती. तिच्यातच तिघी बसल्या, पुरण चुलीवर राहिलं.

आमच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत रेणुकाला डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली होती. मॅडमनी वाट बघितली नाही, सरळ ऑपरेशनला घेतलं.

मी थिएटरपाशी आले तर मावशी बाहेरच्या बाकावर बसलेल्या. पाठ भिंतीला टेकलेली, दोन्ही पावलं फरशीवर, पायावर पाय नाही, हात मांडीवर उताणे. मी म्हटलं, "मावशी, पाणी आणू?" त्यांनी नुसती मान हलवली. शांतव्वा कानडीत देवाला काहीतरी बोलत होती. मला तिथं थांबायचं काही काम नव्हतं, पण मी थांबले. मावशी किती वेळ तशा बसल्या होत्या कोण जाणे, आमच्या नियमाहून कितीतरी जास्त.

मग दार उघडलं. सिस्टर कपड्यात गुंडाळलेलं इवलंसं काहीतरी घेऊन बाहेर आल्या. मुलगी. वजन कमी आहे, काचेच्या पेटीत ठेवायला नेतोय, आई बरी आहे, असं भराभर सांगितलं. पोरगी तारस्वरात रडत होती. सगळा कॉरिडॉर वळून बघायला लागला.

सिस्टर तिला थोपटत "शूऽ शूऽ" करायला लागल्या. शांतव्वाही पुढं झाली आणि डोळे पुसत म्हणाली, "सुम्ने इर गं, सुम्ने इर."

मावशी बाकावरून उठल्या. त्यांनी सिस्टरांचा थोपटणारा हात धरला.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "हिला कुनी गप करू नगा."