घरचं माणूस शेवटच्या फेरीत

माझी सख्खी मुलगी मी दुसऱ्या फेरीत गोडबोले वहिनींच्या हाती घालवली.

(घाबरू नका, ती सुखरूप आहे. पण त्या संध्याकाळी तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आठवली की अजूनही हातातलं लाटणं थांबतं.)

तेव्हा आम्ही शारजाला राहायचो. मंदी येऊन ठेपली होती. रोज कुणाचा तरी व्हिसा कॅन्सल होत होता आणि आमच्या बिल्डिंगमधून सारखे कुणाचे ना कुणाचे सोफे खाली उतरत होते. ह्यांचं ऑफिसही डुगडुगत होतं. शेवटी ठरलं, की सईने आणि मी पुण्याला परत जायचं आणि ह्यांनी इथे एका खोलीत दिवस काढायचे. सई सोळा वर्षांची, जन्मापासून इथलीच, शाळेच्या फुटबॉल संघातली हुकमी खेळाडू. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "ओके. बट वन मॅच, आई. यू अँड मी, सेम टीम. प्रॉमिस?"

"प्रॉमिस!" मी म्हटलं. त्यात काय अवघड होतं?

आमच्या मराठी मंडळाची सहल उम्म अल कुवैनला जाणार होती. तिथे बायकांचा फुटबॉल सामना ठेवायचा, हे खूळ सईचंच. त्या सुमारास अमेरिकेत बायकांची नवी व्यावसायिक लीग सुरू झाली होती. तिथे संघ कसे बांधतात हे सई कॉम्प्युटरवर बघत बसायची. "इट्स कॉल्ड अ ड्राफ्ट, आई. दोन कॅप्टन. टर्न बाय टर्न एकेक प्लेअर निवडायचा." एका संघाची कर्णधार मी (कारण बैठक माझ्या घरी होती आणि पोहेही माझेच होते). दुसऱ्या संघाच्या गोडबोले वहिनी. ह्या बाई भाजीवाल्याकडे भेंडीसुद्धा एकेक मोडून, निवडून घेतात!

नाणेफेक मी जिंकले. सई कानात कुजबुजली, "फर्स्ट पिक मी. सिंपल."

सिंपल? हॉलभर बायका बसलेल्या, हातात माझ्या घरचे पोहे, आणि सगळ्यांसमोर मी उठून आपल्याच पोरीला आधी घ्यायचं? पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय घरच्यांनी पानावर बसायचं नाही, हे माझ्या हाडात मुरलेलं! मी पदर सावरला, सगळ्यांत वडीलधाऱ्या कोण ते बघितलं आणि जाहीर केलं, "शहाणे काकू!"

शहाणे काकू मुलाकडे व्हिजिट व्हिसावर आलेल्या. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. "मी? अगो, मला खुर्चीतून उठवायला दोघीजणी लागतात!" असं म्हणाल्या, पण खुलल्या हो अगदी!

"आई, व्हॉट आर यू डूइंग?"

"अगं, घरचं माणूस शेवटी. तुला कोण नेतंय?"

गोडबोले वहिनींनी बॅडमिंटन खेळणारी उंचनिंच रेवा घेतली. दुसऱ्या फेरीत मी पाटणकर वहिनींना घेतलं, कारण त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं राहून गेलं होतं आणि त्या अजून घुश्शात होत्या. (फिटंफाट!) गोडबोले वहिनींनी पोह्यांची बशी खाली ठेवली, बोटं पुसली आणि शांतपणे म्हणाल्या, "सई."

"अहो, ती माझी मुलगी आहे!"

"मग घ्यायचीस ना पहिल्यांदा!"

चहाचा ट्रे घेऊन आलेले आमचे हे दारातच थबकले आणि म्हणाले, "खलास!"

एवढ्यावर मी थांबले असते तर बरं झालं असतं. पण पुढच्या फेरीत मी बिचाऱ्या राणेबाईंना घेतलं. त्यांच्या मिस्टरांची नोकरी गेली होती, तेवढाच जीवाला विरंगुळा. सामन्याच्या आदल्या दिवशी त्या सामानसुमान घेऊन मुंबईला निघून गेल्या. संघात एक खेळाडू कमी! मी गोडबोले वहिनींना फोन लावला. "सई परत द्या, बदल्यात शहाणे काकू आणि पाटणकर वहिनी, दोघी घ्या!"

"दोघी? आणि त्यांना न्यायला-आणायला गाडी कोण देणार?"

घरात सई "आय ॲम फाइन" एवढंच बोलत होती. मुलगी फाइन म्हणाली की आईने काय समजायचं, ते आईलाच ठाऊक.

सामन्यात काकूंना गोलात खुर्ची टाकून बसवलं. सई बॉल घेऊन आली की काकू म्हणायच्या, "ये गं बाळा. दमलीस का? पाणी घेतेस?" सई बिचारी बॉल खुर्चीशेजारून अलगद आत सरकवायची. असे तीन गोल झाले. एकदाही ती हसली नाही. पोरीने जाता जाता एकच गोष्ट मागितली होती आणि मी ती पोह्यांबरोबर वाटून टाकली होती.

मध्यंतरात गोडबोले वहिनी संत्रं सोलत होत्या. त्यांनी सईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझ्याकडे एक कमी आहे ना? घेऊन जा पोरीला. उसनी हं!"

मी त्यांना मिठीच मारली, संत्र्यासकट.

उत्तरार्धात सईच्या अंगात वारं शिरलं. "आई, यल्ला! रन!" मी धावले. खरंच धावले! तिने तीन गोल फेडले. तीन-तीन! शेवटची मिनिटं. सईने बॉल मागे माझ्याकडे दिला. "आई, क्लिअर इट!"

समोर गोल दिसत होता. अर्धा सामना मला हाच गोल दाखवून "तिकडे मारा, तिकडे मारा" असं सांगितलेलं. मध्यंतरानंतर बाजू बदलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या गोलात खुर्ची आणि खुर्चीत शहाणे काकू आहेत, हेही दिसलं. पण आनंदात तेवढा विचार कोण करतो? मी सगळी ताकद लावून लाथ मारली. आपल्याच माणसाचा बॉल म्हणून काकूंनी पाय उचलून वाट करून दिली.

गोल! मी दोन्ही हात वर करून मैदानभर पळाले. मला मिठ्या मारायला धावून आला तो गोडबोले वहिनींचा संघ.

सई मैदानातच बसली. मी धावत गेले, तर ती पोट धरून हसत होती. हसता हसता रडायला लागली, मग मीही. "सेम टीम, आई," माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती म्हणाली. "दॅट्स ऑल आय वॉन्टेड. बट नेक्स्ट टाइम, प्लीज, यू प्ले फॉर देम."

"नको गं बाई!" मागून गोडबोले वहिनी ओरडल्या. "तुझी आई तुझ्याकडेच राहू दे!"

दोन्ही संघांनी आग्रह करकरून एकमेकांना वाढलेली कर्णधार फुटबॉलमध्ये बहुधा मी एकटीच.