पळसाचा वाकडा देठ

सकाळी वर्गात आल्या की हाडांच्या बाई मुलींकडे वळण्याआधी कोपऱ्यातले कपाट उघडायच्या आणि आत आकड्याला टांगलेल्या सांगाड्याला म्हणायच्या, "उठा पाहुणे, पोरी आल्या." मग साबणाने हात धुवायच्या. पाहुण्याला न धुतलेला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम होता.

ईशान, अनन्या, तुम्ही मला फोनवर विचारलेत, "आजी, तू तर इंग्रजी शिकवायचीस, मग तुला शरीरातली सगळी हाडे कशी पाठ?" त्याचे उत्तर म्हणजे या बाई.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीत, मांडवीच्या अलीकडे, एका महिला मंडळाच्या कौलारू इमारतीत नर्सिंगला जाऊ इच्छिणाऱ्या मुलींचा वर्ग भरायचा. मुली बहुतेक खेड्यांतून आलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या. शरीराची रचना आणि त्याचे काम बाई शिकवीत. रेडियस, अल्ना, फीमर ही नावे मुलींच्या जिभेवर बसवणे माझ्याकडे होते. म्हणून मी त्यांच्या तासाला मागच्या बाकावर बसत असे. बाई दाभोळच्या. बरीच वर्षे परिचारिकेचे काम करून शिकवण्याकडे आलेल्या. पांढरे सुती पातळ आणि कपाळावर ठसठशीत कुंकू.

सांगाडा खरा होता, एका वृद्ध डॉक्टरांनी मंडळाला दिलेला. मंडणगडकडची एक मुलगी पहिल्याच दिवशी रडकुंडीला आली. "बाई, मला भ्या वाटतं वो ह्याचं."

"भ्या? तुझ्या आतपण एक आहे गो. त्याला घेऊन एसटीतून एवढी आलीस, तेव्हा नाही भ्यालीस?"

सगळा वर्ग हसला, ती मुलगीसुद्धा. मग बाईंनी तिलाच पुढे बोलावून सांगाड्याच्या मानेचे मणके दाखवले. "हे झिजलेत बघ. ह्याने जन्मभर डोक्यावरून ओझी वाहिली असणार. पुस्तकातलं हाड कुणाचंच नसतं. खरं हाड कुणाचं तरी असतं."

कोणी घाबरले, रडले, घरच्या आठवणीने गप्प झाले, तर बाई समजूत घालत नसत. जवळ येऊन मनगट धरायच्या आणि तीन बोटे नाडीवर ठेवून उभ्या राहायच्या. थोड्या वेळाने म्हणायच्या, "चाललीय व्यवस्थित," आणि फळ्याकडे वळायच्या. मला आधी हे कोरडे वाटे. पण मुली शांत व्हायच्या, हे मी पाहत होते.

हाताच्या हाडांचा धडा आला की त्या एक गोष्ट दरवर्षी सांगत. "आमच्या घरच्यांचा डावा हात कोपराच्या खाली वाकडा आहे. लहानपणी आंब्यावरून पडले, गावातल्या वैद्याने कामट्या लावून बांधला, तसाच वाकडा सांधला. हजार माणसांत तो हात मी ओळखीन."

त्यांचे यजमान मालवाहू जहाजावर खलाशी होते. ते जहाज वादळात बुडाले, त्याला तेव्हा काही वर्षे झाली होती. काहींचे देह मिळाले, यांचा मिळाला नाही. बाई रोज कुंकू लावीत. दाभोळला सासू आणि दीर क्रियाकर्म करून टाकू म्हणत, बाई एकच उत्तर देत, "हाडं दाखवा. मग मानीन."

एकदा श्वसनाचा धडा चालू असताना त्याच मंडणगडच्या मुलीने विचारले, "बाई, माणूस बुडतो तेव्हा आत काय होतं?" तिला काही ठाऊक नव्हते. बाईंनी सगळे सांगितले. पाणी कुठे शिरते, श्वासनलिका कशी आवळते, रक्ताला प्राणवायू मिळेनासा झाला की आधी काय बंद पडते, सारे फळ्यावर आकृती काढून. मग हातावरचा खडू झटकत म्हणाल्या, "पण सगळेच बुडत नाहीत. काही कुठेतरी किनाऱ्याला लागतात." आणि त्या दिवशी तास लवकर सोडला.

पुढच्या वर्षी गणपती झाल्यावर सासूबाई दाभोळहून आल्या. त्या खूप थकल्या होत्या. तास संपेपर्यंत पडवीत बसल्या आणि मग काठी टेकत वर्गात आल्या. कपाट उघडेच होते. सांगाड्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"ह्यो कोन गो?"

"ठाऊक नाही, आई. आमचा पाहुणा."

"ह्याचं कोनी काय केलं नाय?"

बाई कपाटाकडे वळल्या.

"असाच लटकतोय माजा पोर," म्हातारी म्हणाली. "ह्याला तुमी आकड्याला टांगलाय, त्याला तू टांगलायस. तुला हाडं पायजेत ना? भटजी पळसाची हाडं मांडतात. ती बघ नि सोड गो त्याला. माज्या डोळ्यांदेखत सोड."

बाईंनी कपाट बंद केले. सासूला हाताला धरून बाहेर नेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "इंग्रजीबाई, माझ्याबरोबर दाभोळला याल? घरच्यांपैकी नसलेलं कुणीतरी बरोबर हवंय."

ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांच्या देठांनी माणूस मांडतात, हे मी ऐकले होते, पाहिले नव्हते. खाडीच्या काठी भटजींनी दर्भ अंथरला. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. मग एकेक देठ, मानेचे, छातीचे, हातांचे. दीर कुजबुजले, "वहिनी, बायका येत नाहीत इथं." बाई म्हणाल्या, "हाडं बघितल्याशिवाय मानणार नाही म्हटलं होतं मी. आता बघू दे, भाऊजी."

आणि त्या बघत राहिल्या, वर्गात मुलीने मांडलेली हाडे तपासावीत तशा. भटजींनी डाव्या हाताचे देठ सरळ ठेवले, तेव्हा त्या पुढे झाल्या.

"काका, हा हात त्यांचा नाही."

भटजींनी वर पाहिले. वयस्कर माणूस. काही न विचारता देठांची जुडी त्यांच्यापुढे धरली. बाईंनी खाडीच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले. जुडीतून शोधून एक देठ काढला, मध्येच बाक आलेला, आणि कोपराच्या खाली ठेवला. दीर तोंड फिरवून रडू लागले. लहानपणी त्या आंब्याखाली तेही होते.

दिरांनी अग्नी दिला. बाई माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझे मनगट धरले. तीन बोटे नाडीवर. नारळ फुटल्याचा आवाज झाला तेव्हा बोटे घट्ट झाली, पण सुटली नाहीत. निखारे काळे पडल्यावर त्या म्हणाल्या, "तुमची चाललीय व्यवस्थित." त्यांची कशी चालली होती ते बघायला मी त्यांचे दुसरे मनगट धरले. मला नाडी सापडेना. इतकी वर्षे मागच्या बाकावर बसूनही सापडेना. त्यांनीच माझी बोटे उचलून जागेवर ठेवली.

सोमवारी त्या मोकळ्या कपाळाने वर्गात आल्या. "उठा पाहुणे" म्हणाल्या. हाताचा धडा त्या वर्षी त्यांनी शिकवला, गोष्ट मात्र सांगितली नाही. वर्ष संपल्यावर सासूच्या शेवटच्या आजारपणात त्या दाभोळला गेल्या आणि तिथेच राहिल्या. त्या वारल्याचे मला फार उशिरा कळले.

तुम्ही दोघे सुट्टीला येता, दारातच मी तुमची मनगटे धरून उभी राहते आणि तुम्ही म्हणता, "आजी, आत तरी येऊ दे." येऊ देते. आता मला जागा बरोबर सापडते.