वाळवंटातला मौनाचा गुरुवार

आखातातल्या आमच्या अजमानच्या सत्संग मंडळात दर महिन्याला कुणीतरी आपला अनुभव लिहून आणतं आणि वाचून दाखवतं. माझी पाळी मी बरेच दिवस टाळत आले. कधी सून आजारी आहे म्हणून, कधी चष्मा तुटला म्हणून. सून ठणठणीत होती आणि चष्मा नाकावर होता. खरं कारण असं, की इतरांच्या अनुभवात भक्त बिचारा संकटात सापडतो आणि महाराज धावून येतात. माझ्या अनुभवात संकट मीच ओढवून घेतलं होतं, आणि तेही महाराजांचंच नाव पुढे करून. हे चारचौघांत कसं वाचायचं? शेवटी हेच म्हणाले, "लिही. नाहीतर मी माझ्या बाजूने लिहीन." मग बसले लिहायला.

मी दत्तमहाराजांच्या नावाने दर गुरुवारी मौन पाळते. सकाळी आंघोळ झाली की तोंड बंद, ते थेट दिवेलागणीपर्यंत. सासूबाई गेल्या त्या वर्षी हे व्रत घेतलं, कारण माझी जीभ फार तिखट आहे आणि त्या असताना ती मी फार चालवली, असं तेव्हा मनाला लागलं होतं. सुरुवातीला खरोखर शांत वाटायचं. पुढे पुढे माझ्या लक्षात आलं, की न बोलण्यानेही माणसाला चांगलं टोचता येतं. एखाद्यावर राग असला आणि गुरुवार आला, की मला आतून बरं वाटायचं. मी बोलत नसे, पण स्वयंपाकघरातली भांडी माझ्या वतीने बोलायची. घरच्यांना वाटायचं, आजीचं व्रत आहे, जपून चाला. महाराजांना काय वाटत असेल, हा विचार माझ्या मनात कधी आला नाही.

हे गेल्या वर्षी निवृत्त झाले. हमरियाच्या एका कारखान्यात सगळं आयुष्य गेलं. अजमान ते हमरिया कंपनीच्या बसने जायचं, बसनेच यायचं, आणि सुट्टीला गावी. निवृत्तीनंतर आम्ही मुलाकडे, रोहनकडे, अजमानलाच राहिलो. ह्यांची एक जुनी हौस होती. चाकांवरचं घर भाड्याने घ्यायचं, त्यातच चहा करायचा, त्यातच झोपायचं, आणि वाळवंट ओलांडून खोर फक्कानच्या समुद्रावर उतरायचं. मार्च महिना होता. ऊन तापायच्या आत जाऊन येऊ म्हणून ह्यांनी मला न विचारताच मोटरहोम ठरवून टाकलं आणि दिवस निवडला गुरुवारचा. रोहनने आठवण करून दिली, तेव्हा हे हसत म्हणाले, "अरे, मुद्दामच गुरुवार बघितलाय. दिवसभर शांतता!"

थट्टाच होती ती. चाळीस वर्षं हा माणूस अशीच थट्टा करतो. पण त्या दिवशी ती मला झोंबली. शेजारच्या बाईंसमोर म्हणाले म्हणून असेल, किंवा संध्याकाळची आरती घरी होणार नाही म्हणून असेल. आंघोळ करून, महाराजांची छोटी तसबीर पिशवीत घालून, मी तोंड घट्ट मिटून गाडीत जाऊन बसले. नात ईशा खिडकीशी आली. ती सात वर्षांची, इथेच वाढलेली. माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "आजी, इज इट मौन, ऑर आर यू जस्ट अँग्री?"

सगळे हसले. मी मान हलवून 'नाही, नाही' केलं. न बोलताही खोटं सांगता येतं, ते असं.

हे अगदी लहान मुलासारखे खुश होते. शारजाची गर्दी मागे पडली, धैदच्या दिशेला लाल वाळू सुरू झाली, तसे ते मला एकेक गोष्ट दाखवू लागले. ते बघ उंट, तो बघ डोंगर, आणि मागे शेगडीवरचं भांडं वाजतंय का बघ जरा. मी समोर बघत माळ ओढत होते. माळेवर नाव महाराजांचं होतं आणि मनात चाललं होतं, आता चहाला विचारतील, मग मी मान फिरवीन.

मुख्य रस्त्यापासून थोडं आत, वाळूत, गाफचं एक मोठं झाड दिसलं. ह्यांनी वेग कमी केला. म्हणाले, "अगं, त्या सावलीत थांबू या. तुला पोथी वाचायला बरं पडेल." आणि त्यांनी गाडी कच्च्या वाटेला वळवली. वळणावर एक पाटी होती. माझ्याच बाजूला होती, त्यामुळे मला स्वच्छ दिसली. पुढे मऊ वाळू, फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या, असं इंग्रजीत आणि अरबीत लिहिलेलं होतं. ह्यांची नजर झाडाकडे होती. मी पाटी वाचली. एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. तेवढंही नको, त्यांच्या हाताला हात लावला असता तरी भागलं असतं. मी काहीच केलं नाही. मनात म्हटलं, हवी होती ना शांतता, घ्या.

हे मी कितीही वेळा लिहिलं तरी मला त्याची लाज वाटते.

झाडापर्यंत आम्ही पोचलोच नाही. मागची चाकं फिरू लागली, गाडी एका अंगाला कलली आणि बसली. ह्यांनी जोर लावला, तशी ती आणखी खाली गेली. भाड्याच्या कंपनीला फोन केला, तर त्यांची ओढणारी गाडी यायला दुपार उलटणार होती. रोहनला फोन करायचं ह्यांनी टाळलं. "हसतील सगळे," म्हणाले. मग केर भरायची सुपली घेऊन चाकांमागची वाळू उपसू लागले. दोन वर्षांपूर्वी ह्यांची अँजिओप्लास्टी झालेली. ऊन डोक्यावर आलेलं. "अहो, राहू द्या, आत येऊन बसा," एवढंच म्हणायचं होतं. मी गाडीत पडदा ओढून बसले. एकदा पाण्याचा पेला नेऊन पायरीवर ठेवला, त्यांच्या तोंडाकडे न बघता. "थँक्यू गं," म्हणाले. मी आत आले.

सुपलीचा खरखर आवाज येत होता, तोवर माझा राग शाबूत होता. मग तो आवाज थांबला. दमले असतील, म्हटलं. थोड्या वेळाने पडदा सारून पाहिलं, तर हे चाकाला टेकून बसले होते, मान छातीवर, चेहरा राखेसारखा. मी धावले. हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज निघेना.

इथे मला नीट सांगू दे. तेव्हा मी मौन पाळत नव्हते. व्रत, राग, गुरुवार, सगळं त्या क्षणी गळून पडलं होतं. मला ओरडायचं होतं. घसा ताणून ताणून मी ओरडत होते आणि बाहेर नुसती हवा येत होती. घाबरल्यामुळे असं होतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. असेलही. मला मात्र त्या वाळूत एकच वाटलं, की सकाळपासून जे मी मागत होते ते महाराजांनी मला देऊन टाकलं. ह्यांच्या तोंडावर पाणी मारलं, पदराने सावली धरली. फोन हातात घेतला, पण बोलायचं कशाने? रोहनला काहीतरी लिहू लागले, तर अक्षरं जुळेनात. मनात एवढंच आलं, महाराज, माझं काय वाटेल ते करा, ह्यांना सांभाळा. इतक्या वर्षांच्या पोथ्या-पारायणांत त्यांच्यापुढे इतकी रिकामी मी कधी गेले नव्हते.

झाडामागच्या टेकाडावरून एक पांढरी लँडक्रूझर खाली आली. इथल्याच एका अरबी घरातली माणसं होती. थंडीचा मुक्काम संपवून, तंबू आवरून घरी निघालेली. मुलगा गाडी चालवत होता आणि मागे त्याची म्हातारी आई, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा सोनेरी मुखवटा लावलेली. त्यांची रोजची वाट दुसरीकडून होती, पण आईने ह्याच बाजूने चल म्हणून हट्ट धरला, असं मुलाने नंतर सांगितलं. का, ते तिलाही सांगता आलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

"यल्ला, यल्ला," करत मुलाने ह्यांना उचलून आपल्या गार गाडीत आडवं केलं, डोक्यावरचं फडकं भिजवून कपाळावर ठेवलं आणि इस्पितळाला फोन लावला. म्हातारी माझ्याकडे वळली. तिला जुन्या व्यापारी लोकांकडून शिकलेलं हिंदी येत होतं. "क्या हुआ बाबा को? दिल का दवा खाता है? नाम क्या? बोलो, मत डरो." माझे ओठ हलत होते. तेवढ्यात ह्यांनी डोळे किलकिले केले. सगळं अंग गळालेलं, पण एक हात उचलून त्यांनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, माझ्याकडे दाखवलं आणि मान हलवली. तिला विचारू नका, ती बोलत नाही. अर्धवट शुद्धीतही माझं व्रत मोडू नये, ही त्यांना काळजी.

म्हातारीला वाटलं, मी जन्माची मुकी. तिचे डोळे भरून आले. मेंदी लावलेला आपला खरबरीत तळवा तिने माझ्या गळ्यावर ठेवला, दुसरा हात आकाशाकडे धरला आणि अरबीत काहीतरी म्हणू लागली. शब्द कळत नव्हते, पण देवाकडे काय मागत होती ते कळत होतं. माझ्यासारखीसाठी! धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्या हाताखाली मला हुंदका फुटला आणि हुंदक्याबरोबर आवाज बाहेर आला.

"अहो, मी पाटी बघितली होती हो."

हे क्षीण आवाजात म्हणाले, "अगं, बोललीस कशी? दिवे लागायचेत अजून."

मी रडत होते आणि भराभरा सगळं सांगत होते. औषधांची नावं, अँजिओप्लास्टी, सकाळी काय खाल्लं, सगळं. मुलगा ते फोनवर पुढे कळवत होता. म्हातारी "अल्हम्दुलिल्ला, अल्हम्दुलिल्ला" म्हणत माझं डोकं छातीशी धरून बसली होती. धैदच्या वाटेवर अँब्युलन्स भेटली. उन्हाने आणि कष्टाने शरीरातलं पाणी गेलं होतं. हृदयाला धक्का नव्हता. सलाईन लावल्यावर हळूहळू चेहऱ्यावर रंग आला.

मी फोन केल्यावर रोहन येईपर्यंत म्हातारी इस्पितळातून हलली नाही. नर्सला, झाडूवालीला, जो येईल त्याला ती माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, की ही मुकी होती आणि अल्लाने हिला बोलतं केलं. मला ते ऐकवेना. गप्प राहून चाललं असतं, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण गप्प राहण्याचा मला वीट आला होता. मी तिचा हात धरून मोडक्या हिंदीत सांगितलं, "अम्मा, मैं गूंगी नहीं हूँ. सुबह से भगवान के नाम पे चुप थी. और सच में तो इनके ऊपर गुस्सा थी. इसलिए रास्ते का बोर्ड देखा, फिर भी नहीं बताया."

तिने विचारलं, "उधर मोटर के पास आवाज आता था?"

"नहीं."

"अभी आता है?"

"हाँ."

"खलास," झालं तर मग, अशा सुरात ती म्हणाली आणि पिशवीतून खजूर काढून माझ्या हातावर ठेवले.

ती माउली कोण होती, तिला त्या बाजूला कुणी वळवलं, ह्यावर मंडळातल्या ताई पुष्कळ बोलतील. मला त्यात पडायचं नाही. मी फक्त तिला मनातल्या मनात रोज नमस्कार करते. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

घरी आल्यावर मी ह्यांच्या बोलण्याची वाट पाहत होते. एक दिवस गेला, दोन गेले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "पाटी बघितलीस, मग सांगितली का नाहीस?"

"रागावले होते," मी म्हटलं.

"मग रागावून सांगायचं," हे म्हणाले आणि चहात बिस्कीट बुडवलं.

मौन मी अजून पाळते, पण आधी महाराजांपुढे बसून मनातलं सगळं मोठ्याने सांगते. कुणावर चिडले आहे, का चिडले आहे, कुणाला टोचायची इच्छा आहे. पूर्वी हे त्यांच्यापासून लपवून मी त्यांना फुलं वाहत होते, आणि त्याला शरण जाणं म्हणत होते. आता राग आहे तसाच त्यांच्या पायांशी ठेवते. कधी ते तो लगेच घेतात, कधी दुपार होते. ज्या गुरुवारी तो जात नाही, त्या गुरुवारी मी मौन धरत नाही. हे हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले असतात. मी जाऊन समोर उभी राहते, पेपर बाजूला करते आणि सांगते. ते ऐकून घेतात. माझं बोलणं ऐकायला तो माणूस तिथे आहे, ह्याहून मोठी कृपा मला मागता येत नाही.