ताईचं झाड आणि माझा कॅमेरा

माझा फोटो स्टुडिओ आहे. माणसाची चांगली बाजू शोधून काढणं हा माझा धंदा. दुहेरी हनुवटीवाल्याला मी मान पुढे काढायला लावतो, टकल्याला हनुवटी वर करायला. माझ्या स्वतःच्या टकलाला मात्र अजून कोन सापडलेला नाही.

ताई उपचारांसाठी मुलाकडे निघाली तेव्हा तिनं आपला अरोकेरिया माझ्याकडे आणून ठेवला. मऊ सुयांचं, मजल्यामजल्यानं वाढणारं हे झाड भावोजींनी वारायच्या आधी हौसेनं आणलेलं.

"माती सुकली की पाणी घाल. आणि दर रविवारी कुंडी थोडी फिरव, सगळीकडून उजेड लागला पाहिजे. ह्याला काही झालं तर माझ्याशी बोलू नकोस."

पाणी मी घातलं, फवाराही मारला. कुंडी मात्र फिरवली नाही. खिडकीसमोरच्या भिंतीला टेकून ते समोरून असं काही खुललं होतं की हलवायचा जीवच होईना. चांगली जमलेली पोज कोण मोडतं? दर रविवारी मी तोच कोन, तोच उजेड धरून फोटो पाठवायचो. तीही स्वतःचा पाठवायची, डोक्याला रंगीत रुमाल, चेहऱ्यावर हसू. मी दीडशहाणा तिला कळवायचो, "उजेड समोरून घे."

ती परत येणार म्हणून कुंडी पुढे ओढली आणि माझं धाबं दणाणलं. मागची बाजू वाळून तपकिरी झाली होती. हात लावला तर खालची फांदी हातातच आली. नर्सरीवाला म्हणाला, "काका, ह्या फांद्या गेल्या. तिथं परत फुटत नाहीत."

मग मी काय करावं? वाळलेल्या फांद्या काढून टाकल्या आणि ताईच्या घरी जाऊन कुंडी कोपऱ्यात ठेवली, उघडी बाजू भिंतीकडे. आयुष्यभर दुसरं केलंय काय!

ताई आली. चपलाही न काढता तिनं कुंडी ओढली आणि फिरवली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"प्रत्येक फोटोत तीच फांदी पुढे होती," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मी तरी तुला कुठं सगळं दाखवत होते?" तिनं रुमाल सोडला. डोक्यावर एक केस नव्हता. मी खाली बघितलं.

"माझे येतील रे परत," ताई म्हणाली आणि त्या उघड्या खोडावरून हात फिरवताना तिला रडू फुटलं. "ह्यांच्या झाडाचं काय करू?"