घरचा कूलर

घ्या, आधी चहा घ्या. निम्मा संपला की मग सांगतो. कारण ही गोष्ट ऐकताना तोंडात घोट असला तर तो समोरच्याच्या शर्टावर जातो, असा माझा अनुभव आहे.

मी डोणगावचा. बसस्टँडजवळ आमचं कृषी केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीचे पंप. पाऊस जवळ आला की आम्हाला जेवायला फुरसत नसते, आणि त्याच्या आधी मे महिन्यात दुकानात कुत्रंसुद्धा येत नाही. अशा रिकाम्या दिवसांत मला मेहकरच्या सायबर कॅफेत गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा नाद लागला. हसू नका! घरोघरी मोबाईल नुकतेच येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट आहे. वय विचारू नका. लग्न झालेलं होतं, एवढं सांगतो.

तर मनानं घेतलं की असा कंप्युटर आपल्या घरी पाहिजे. साधा नाही, गेमचा! माझा साळा पंकज पुण्यात कंप्युटरच्याच नोकरीत होता. त्याला फोनवर सहज विचारलं, तर तो म्हणतो कसा, "भाऊजी, गेमिंगचा कंप्युटर म्हणजे खेळ नाही. एकेक पार्ट निवडून घ्यावा लागतो. तुमच्याच्यानं नाही होणार. दिवाळीत येतो तेव्हा मी जोडून देईन."

आता तुम्हीच सांगा, जावयाला असं बोलतात का? मी फवारणीचा पंप डोळे मिटून खोलतो आणि डोळे मिटून जोडतो. मी म्हटलं, "पंकजराव, दिवाळीत या तुम्ही. पण जोडायला नाही, खेळायला या!"

फोन ठेवला तर माझी बायको वर्षा दारातच उभी.

"बोलून बसले ना?" ती म्हणाली. "आता जोडा."

तसा मी अगदीच अडाणी नव्हतो. मेहकरच्या कंप्युटर क्लासच्या सरांना एकदा जोडताना पाहिलं होतं. त्यांच्या मदरबोर्डवर काय काय आधीच बसवलेलं होतं, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही. सगळी गडबड तिथेच झाली.

अकोल्याला गेलो. पार्टच्या दुकानात गर्दी ही! शेठ मात्र मोठा गोड माणूस. माझी हौस पाहून त्यानं एकेक डबा काउंटरवर मांडला. मदरबोर्ड झाला, रॅम झाली, ग्राफिक्स कार्ड तर विटेएवढं. कॅबिनेट असं घेतलं की चालू केलं की निळा उजेड पडावा, आणि मागच्या बाजूला पंखा. प्रोसेसर निघाला प्लास्टिकच्या डबीत सुटा ठेवलेला, बिस्किटाएवढा.

"अन् कूलर कौनसा देऊ?" शेठनं विचारलं.

आता जरा विचार करा. मे महिना. अकोल्याचं ऊन. बाहेर डांबर वितळून राह्यलेलं. अशा वेळी वऱ्हाडातल्या माणसाला कोणी 'कूलर' म्हटलं, तर त्याच्या डोळ्यांपुढे काय येईल? मला वाटलं, शेठचा हाही जोडधंदा असेल.

"कूलर आहे घरी," मी म्हटलं.

"देखो भाऊ, छोटामोटा नाही चालणार. हा प्रोसेसर लय गरम होते."

"छोटा कायचा? चांगला मोठा आहे. पाण्याचा."

शेठच्या हातातला पेनच थांबला. "पाण्याचा? पंप वगैरे है उसमे?"

"आहे ना. पंप तर मागच्याच महिन्यात नवा टाकला."

"क्या बात है! कुठून आणला?"

"सासऱ्यांनी दिला. लग्नात."

शेठनं माझ्याकडे असं पाहिलं, की तसं माझ्याकडे आजपर्यंत कोणीच पाहिलं नाही. "सासुरवाडी भारी मिळाली राव तुम्हाला!" मग बोट उचलून म्हणाला, "लेकिन एक बात याद रखना. कूलर के बिना एक मिनिट भी चालू नका करू. जळून जाईल."

ही गोष्ट मी काळजात कोरून घेतली.

घरी आलो. मधल्या खोलीत टेबल मांडलं, पेचकस घेतला आणि एकेक पार्ट बसवला. प्रोसेसर तर असा अलगद बसला, की मला माझाच अभिमान वाटला. कॅबिनेटच्या मागे पंखा होताच, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. राहिला कूलर. तो होता बाबांच्या खोलीच्या खिडकीत. हिरवा, पत्र्याचा, माझ्या छातीला लागेल एवढा. तो मी आणि वर्षानं ओढत आणला, स्टँडवर चढवला, टाकी भरली आणि तोंड केलं कंप्युटरकडे.

बाबा दुपारच्या झोपेतून घामाघूम होऊन उठून आले. "काऊन बे, माहा कूलर कुठी गेला?"

"बाबा, कंप्युटरले पाह्यजे. दुकानदारानं बजावून सांगतलं."

"मी इथी उकडून मरून राह्यलो, अन् त्या डब्याले कूलर?"

"बाबा, लय महाग डबा आहे."

"मी फुकटात आलो का बे?"

लाईट आली. तेव्हा लोडशेडिंग होतं, लाईट येईल तेव्हाच खरी. आधी कूलर चालू केला, मग कंप्युटर. निळा उजेड पडला! पंखे घुमले! पडद्यावर पांढरी अक्षरं आली. वर्षानं टाळी वाजवली. आणि तेवढ्यात, फुस्स! सगळं बंद.

पुन्हा चालू केलं. पुन्हा फुस्स.

"गरम झाला," मी जाणकारासारखा म्हणालो. "हवा कमी पडून राह्यली."

कूलर जवळ घेतला. कॅबिनेटचं झाकण काढून टाकलं, म्हणजे हवा थेट आत लागेल. फुस्स! बसस्टँडवरून बर्फाची लादी आणली आणि टाकीत सोडली. खोलीत अशी थंडी पडली, की भर मे महिन्यात वर्षा शाल घेऊन बसली. कंप्युटर? फुस्स!

आता गावात बातमी राहते का लपून? 'संजूच्या घरी बर्फाचा कूलर लागला' म्हणून शेजारचे उत्तमकाका आले. पाठोपाठ काकू आल्या, निवडायला तांदूळ घेऊन. मग त्यांच्या जावा आल्या. बाबांनीही संधी साधली आणि कंप्युटर अन् कूलरच्या मधल्या जागेत सतरंजी टाकून आडवे झाले.

"बाबा, हवा अडते!"

"अडू दे."

उत्तमकाकांनी कूलरभोवती एक चक्कर मारली आणि निदान केलं. "संजू, गवत जुनं झालं याचं. वाळा लाव. वाळ्याची हवा थंडी राह्यते."

लावला! खरंच लावला! जवळच्या मालेगावहून वाळा आणून तिन्ही जाळ्यांत भरला. सगळ्या गल्लीत सुगंध पसरला. ग्राफिक्स कार्डालाही वास येत होता. बाबा घोरत होते, काकू तांदूळ निवडत होत्या, सगळं गाव सुखात होतं. एक कंप्युटर सोडून.

आणि खरं सांगू? मला रडू यायचं बाकी होतं. हौसेनं घेतलेली वस्तू, वरून पुण्याला फुशारकी मारून ठेवलेली. शेवटी अकोल्याला फोन लावला. आवाज चढवूनच बोललो.

"शेठ, तुमचा प्रोसेसर खराब निघाला! चालू केला की बंद पडते."

"कूलर ठीक से बसला ना?"

"एकदम ठीक. स्टँडवर ठेवला आहे."

"स्टँडवर?" शेठ घुटमळला. "अच्छा... पंप चालते?"

"चालते ना. पाणी धो धो पडून राह्यलं."

"पाणी पडते?" शेठ किंचाळला. "अरे बंद करो! पहले बंद करो! कुठं पडते पाणी?"

"कुठं म्हणजे? गवतावर पडते!"

 

"भाऊ," शेठ फार हळू आवाजात म्हणाला, "कौनसं गवत?"

"आधी साधं होतं. आता वाळा लावला."

"भाऊ, तो कूलर... उसके सामने घरातली माणसं झोपतात काय?"

"हाव. आता या वेळी बाबा झोपलेलेच आहेत."

"अन् प्रोसेसरच्या वर काय लावलं?"

"काहीच नाही. उघडा ठेवला आहे. म्हणून तर हवा नीट लागते!"

त्यानंतर शेठ जो हसत सुटला! बोलायचा प्रयत्न करत होता, पण जमत नव्हतं. फोन दुसऱ्यानं घेतला, तोही हसायला लागला. शेवटी तिसऱ्यानं समजावून सांगितलं, की प्रोसेसरचा कूलर म्हणजे तळहाताएवढा असतो. जाळीदार धातू, त्यावर इवलासा पंखा. मलम लावून तो प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवतात. त्यात पाण्याच्या नळ्यांचाही मिळतो, पण तो फार महाग, आणि शेठला तोच वाटला होता.

मी कूलरकडे पाहिलं. कूलर माझ्याकडे पाहत होता.

परत अकोल्याला जायचं तोंड नव्हतं, म्हणून तो तळहाताएवढा कूलर एसटीनं पार्सल मागवला. प्रोसेसरचं नशीब बळकट, बिचारा जळला नव्हता. कंप्युटर चालू झाला तो चालूच राहिला. वर्षानं पहिल्याच शर्यतीत मला मागं टाकलं. बाबांचा कूलर वाळ्यासकट परत त्यांच्या खिडकीत गेला. मी घरात सगळ्यांना तंबी दिली, "पुण्याला यातलं अक्षर कळता कामा नये!"

आणि कळलं नाही! दिवाळीत पंकज आला, तासभर खेळला, झाकण उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "मानलं भाऊजी! वायरिंगसुद्धा काय नीट केलंय. चिखलीला आमच्या घरीही असाच एक पाहिजे. चला, तुम्ही पार्ट निवडा आणि तुम्हीच जोडा."

जावयाला यापेक्षा काय पाहिजे हो?

गेलो दोघं अकोल्याला. त्याच दुकानात, कारण पंकजनं त्याच दुकानाचं नाव ऐकलं होतं. मी आधी मागेमागेच राहिलो. पण शेठनं मला ओळखलंच नाही. त्याच्याकडे रोज किती लोक येतात! माझा जीव भांड्यात पडला. मी पुढे झालो, ऐटीत एकेक पार्ट सांगू लागलो. प्रोसेसर सांगितला, तसा शेठ हसायलाच लागला.

"कूलर इथूनच घ्या हं भाऊ! पहले एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यानं काय केलं माहिती का? घरचा पाण्याचा कूलर लावला. पत्र्याचा!"

पंकज पोट धरून हसला. मीही हसलो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

"असे पण लोक असतात?" पंकज डोळे पुसत म्हणाला.

"अरे, त्याच्यापुढे ऐका!" शेठ रंगात आला. "त्यानं अख्खा कंप्युटर उचलला, अन् कूलरच्या टाकीत बुडवला!"

आता मात्र माझ्यानं राहवलं नाही. माणसाला काही इज्जत असते की नाही?

"खोटं आहे शेठ!" मी ओरडलो. "बुडवला नव्हता! समोर ठेवला होता!"